आधी समोरच्याची बाजू

सोमवार, १० जून

आवाज चिरकला. माझा! भर सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, आणि आज स्वतःच्याच जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चार मुलांना 'बसा' म्हणताना त्याने दगा दिला.

चार मुलं, तीन घरं. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा, सुताराच्या दोन मुली आणि आमची खारू. पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व – जुन्या लोकांनी माणूस घडवायला वापरलेल्या तीन पायऱ्या. मुलांना गुणांच्या कारखान्यातून बाहेर काढा, असं मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगत आले. आता घरातच शाळा काढून करून दाखवायचंय. भाषा आणि तर्क माझ्याकडे, निसर्गविज्ञान डॉक्टरीणबाईंकडे, भूमिती सुताराकडे.

पहिला नियम फळ्यावर लिहिला : आधी समोरच्याची बाजू. वाद घालायचाय? मग आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तोच म्हणेल, "हो, हेच." तोवर स्वतःच्या बाजूचा एक शब्द काढायचा नाही.

माझं काही चुकलं तर? मुलं आहेत, मडकी नाहीत. पुन्हा मळता येणार नाहीत.

शुक्रवार, २१ जून

पाठांतर जोरात. डॉक्टरीणबाईंचा मुलगा सुभाषितं खाडखाड म्हणतो. नवरा आतून म्हणाला, "पोपटपंची ऐकून झोप छान लागते हो." म्हटलं, आधी शब्द पोटात जाऊ देत, अर्थ उगवतोच. ठासून बोलले. मग भांडी विसळताना वाटलं – नाही उगवला तर?

मंगळवार, ९ जुलै

खारू माझ्या तासाला बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, बरोबर देते आणि गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, माझ्याकडे तिची टकळी थांबत नाही. परवा गोगलगायीवरून माझीच उलटतपासणी घेतली."

मी हसले. रात्री गोगलगायीवर वाचत बसले.

गुरुवार, १८ जुलै

सकाळी वेणी घालत होते. खारू पाठमोरी. म्हणाली, "आई, मला कोपऱ्यावरच्या शाळेत घाल."

वेणी सैल झाली. परत घातली. पुन्हा सैल.

त्या शाळेवर मी चारचौघांत काय काय बोललेय! आता माझीच मुलगी तिथे गेली, तर डॉक्टरीणबाई कशाला थांबतील? सुतार कशाला थांबेल? नवरा म्हणाला, "खानावळवालीची पोरं बाहेर जेवायला लागली की गिऱ्हाईक पानावरून उठायचंच." त्याला विनोद सुचतात. मला शाळा मोडलेली दिसते – आणि मग माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याला अर्थ काय?

तिला म्हटलं, बुधवारच्या वादसभेत मांड. वादात मी हरणार नाही, एवढा भरवसा होता.

बुधवार, २४ जुलै

हरले नाही. हरायलासुद्धा मिळालं नाही.

खारूने विषय मांडला : मला शाळेत जायचंय. समोरची बाजू मी घेतली, म्हणजे तिचा पूर्वपक्ष मांडायचा मीच. उभी राहिले. मैदान हवं, घंटा हवी, पुष्कळ मैत्रिणी हव्यात, सगळ्यांसारखं असावंसं वाटतं – असा रंगवला की सुताराची थोरली टाळ्या पिटायला निघाली.

खारू म्हणाली, "छान होतं. पण हे माझं नाही."

दुसरा प्रयत्न : मी कडक आहे, सारख्या चुका काढते. "तेही नाही."

मी मोठ्यांदा बोलते, तुला लाज वाटते. तिने थोडा विचार केला. "वाटते. पण म्हणून नाही."

सुताराची धाकटी खुदकन हसली. "मग आता काकूंना बोलता येणार नाही ना?"

नियम माझा. फळ्यावरचं अक्षर माझं. रात्रंदिवस घोळवलेलं भाषण गिळून खाली बसले.

शनिवार, २७ जुलै

नवऱ्याला विचारलं, "तुला सांगितलंय का तिने?"

"सांगितलंय."

"मग सांग ना."

"वा गं वा. शाळा तू काढायचीस आणि कॉपी मी पुरवायची?"

सोमवार, २९ जुलै

आज दिवसभर कमी बोलले. फार जड गेलं.

गुरुवार, १ ऑगस्ट

सुतार मुलींना न्यायला आला. धाकटीचा एक पाय चपलेत, एक बाहेर, तरी सुरू : "बाबा, ऐका ना, आज ना, एक सेनापती होता, त्याला नदी ओलांडायची होती पण पोहताच येत नव्हतं –" पोहण्याचं मी काही म्हटलंच नव्हतं. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुतार मान डोलवत चालला होता. कोपरा वळेपर्यंत तिचा आवाज येत राहिला.

वळून पाहिलं, तर खारू खिडकीशी उभी. तीही ऐकत होती.

तिचीही शाळा सुटली होती की. पण तिने जायचं कुठे? आणि सांगायचं कोणाला? जे झालं ते सगळं मी पाहिलेलंच.



शुक्रवार, २ ऑगस्ट

ती जमिनीवर बसून पेन्सिलींना टोक करत होती. मीही खाली बसले. म्हटलं, "तुला घरी येऊन सांगायचं असतं, आज काय झालं ते. आणि जिला सांगायचं, ती आधीच तिथे बसलेली असते."

"हो, हेच." टोक करणं चालूच. "आता तुझी पाळी. बोल."

भाषण पाठ होतं. एक शब्द आठवेना. विचारलं, "कोपऱ्यावरचीच शाळा हवी?"

"नाही गं. मला हीच आवडते." पेन्सिल उजेडात धरून टोक बघितलं. "फक्त तू नको."

सोमवार, ५ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "भरवू माझ्या दवाखान्याच्या माडीवर. पण ताई, तुमच्याशिवाय मुलांवर ओरडणार कोण?"

"तुम्ही."

"मी फक्त 'आ करा' म्हणू शकते."

भाषा आणि तर्क सुताराची बायको घेईल. छापखान्यात मुद्रितं तपासते, मोजकं बोलते. मुलांना झेपेल का ती? नाही – मला झेपेल का?

सोमवार, १२ ऑगस्ट

दवाखान्याच्या फाटकाबाहेर सुताराशेजारी उभी होते. वर काय शिकवलं, कसं शिकवलं, काही कळायला मार्ग नाही. जीव थाऱ्यावर नव्हता. मुलं जिन्यावरून उतरली. खारूने दप्तर माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, "आई, तुला माहीतच नाही आज काय झालं."