चोथ्याचा खड्डा

२२ सप्टेंबर
आले बाई एकदाची अकोल्याला! घटस्थापनेचा मुहूर्त साधून नोकरीवर रुजू. आई म्हणत होती, अमरावतीत काय नोकऱ्या नाहीत? नाहीत म्हणूनच आले ना! एमआयडीसीतला आमचा कारखाना बीअर गाळून उरलेल्या चोथ्यातून तेल काढतो. वाळवलेला चोथा स्टीलच्या उभ्या टाकीत भरायचा, जबरदस्त दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडायचा, की धान्यातलं उरलंसुरलं सत्त्व त्याच्याबरोबर बाहेर. सोनेरी तेल, महागड्या क्रीममध्ये जातं. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांच्यातल्या मास्तरांची शंका, म्हणजे जुईली, तू दारूच्या कारखान्यात का? हसून मेले.

मी शिफ्टची इंजिनिअर. काम झालेला चोथा टाकीखालच्या खड्ड्यात पडतो, तो ओढायला पुंजाजी. मला म्हणाले, म्याडम, ढोराचं खाणं बायांच्या गालाले लावून राहिल्या तुमी! मला एकदम आवडले.

२६ सप्टेंबर
खड्ड्यातल्या अलार्मने डोकं उठवलंय. उरलेला वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, माणूस गुदमरतो, म्हणून तो बसवलाय. वाजला की पंखा लावायचा आणि पुंजाजींनी वरच थांबायचं. तेवढ्यात त्यांची तंबाखू मळून होते, माझा मात्र खोळंबा.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशिनींना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. खड्ड्यालाही धूप दाखवायची इथली रीत. निखाऱ्यांचं धुपाटणं खाली ठेवलं आणि अलार्म बोंबलला! मॅनेजर उत्तमराव पाहुण्यांसमोर ओशाळले. मी पॅनेलवरून अलार्म बंद केला. सगळ्यांनी कौतुक केलं. प्रसादाचा शिरा दोनदा खाल्ला.

३ ऑक्टोबर
पुंजाजी गेले.

सकाळी पहिली टाकी उघडली, ते खड्ड्यात उतरले, ते वर आलेच नाहीत. अलार्म वाजला नाही. मी तो परत चालूच केला नव्हता. दसऱ्याच्या सुट्टीत साफ विसरले. उत्तमराव म्हणाले, वय झालं होतं, हार्टच असेल. घरच्यांनीही चिरफाड नको म्हटलं. मीही मान डोलावली.

आता अलार्म चालू केला तर पॅनेलवर नोंद उमटेल, बंद कधी झाला तेही दिसेल. म्हणून हात लावला नाही. किती नीच आहे मी.

६ ऑक्टोबर
पुंजाजींच्या पत्नी, कौशल्याकाकू, आल्या होत्या. त्यांना काही तरास झाला का, विचारत होत्या. मी म्हटलं, नाही हो, हार्ट होतं. म्हणतानाच छाती आवळली, श्वास येईना. त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, पोरी, तुह्या मनाले लय लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ ऑक्टोबर
दाब सोडताना टाकी फुस्स करते. आज आवाज उलटा आला — आत ओढल्यासारखा. खड्ड्यातून. कुणीतरी हवा शोधतंय.

किशोरला काहीच ऐकू आलं नाही. तो पुंजाजींचा पुतण्या, त्यांच्या जागी लागलाय. रोज काहीतरी निमित्त सांगून त्याला उतरण्याआधी थांबवते, पंखा लावते. असं किती दिवस थांबवणार?

तेलाला तंबाखूचा वास. ओतून दिलं.

१० ऑक्टोबर
उत्तमरावांना सगळं सांगायला गेले. तोंड उघडलं आणि श्वासच नाही. खोटं बोलताना अडला होता, आता खरं बोलतानाही — त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, काहून एवढं मनाले लावून घेता. रडत परत आले.

११ ऑक्टोबर
भर दुपारी. टाकी बंद असताना. ओढतंय — माझ्याच छातीतून —

१३ ऑक्टोबर
टाकी उघडली. किशोर शिडीवर. मी कंट्रोल रूमच्या काचेमागे. हाक मारते — आवाज नाही. अलार्मचं बटण दाबलं. होऊ दे नोंद, जाऊ दे नोकरी — तोही गप्प. पाय उचलत नाहीत. हवा —

त्याने वर पाहिलं. हसला. हे पान काचेला लावते, मोठ्या अक्षरात —

किशोर उतरू नको अलार्म मी बं