बाळाच्या नावाने आलेले बूट

दि. ९ जून

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
परदेशी पार्सल व आयात कर विभाग

विषय : नातीच्या पायाचे बूट खेळाचे सामान ठरवून अडकवून ठेवल्याबद्दल, आणि येणारा पुढचा जोड न अडवण्याबद्दल.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची कराची नोटीस. तिच्यावर नाव नातीचेच आहे.

महोदय,

आपल्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाला बोलायची रीत नाही. मी त्याच्या आईच्या वयाची. तरी 'ओ मावशी, मागे व्हा' म्हणतो, आणि रांगेत मी एकटीच असते.

माझ्या नातीचे दोन्ही पाय जन्मापासून आत वळलेले. हाडांच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लास्टर घालून ते सरळ केले. प्लास्टर निघाल्यावर लगेच खास बूट घालायचे, नाही तर पाय पुन्हा फिरतात, असे त्यांनी बजावले होते. हे दोन बूट एका पट्टीवर बसवलेले असतात. तिच्या मापाचे इथे मिळेनात म्हणून परदेशातून मागवले. सुनेने हौसेने पार्सलवर मुलीचेच नाव घातले. म्हणाली, "आई, तिच्या नावाने घरात पहिलीच वस्तू येतेय, येऊ द्या की." त्यात तिची चूक मी आजही मानत नाही.

पार्सल वेळेवर आले. पण आपल्या लोकांनी खोके उघडून पट्टीवरचे बूट पाहिले आणि बर्फावर घसरायचे सामान म्हणून जास्तीचा कर लावला. साहेब, जी अजून उभी राहिली नाही ती घसरणार कुठून? मी डॉक्टरांची चिठ्ठी नेली. कारकून म्हणाला, "ज्याचं पार्सल त्यानेच येऊन हरकतीवर सही करायची." मी म्हटले, "अरे, ती अजून दूध पिते." तर म्हणतो, "मग तिचं अधिकारपत्र आणा." म्हणजे तिने सही करून मला अधिकार द्यायचा!

अशा खेपा कित्येक आठवडे चालल्या होत्या. घरी सून मुलीचे पाय सरळ राहावेत म्हणून हातात धरून बसायची. तिचे हात भरून आले की मी धरायची.

शेवटी आम्ही तो खेळाचा कर मुकाट भरला. मग सही कोणाची, हेही कोणी विचारले नाही. मुलीला घेऊनच गेलो होतो. खिडकीशीच सुनेने बूट चढवायला घेतला. टाच आत जाईना. पाय वाढले होते आणि पुन्हा वळलेही होते. मुलगी मात्र हसत दुसरा पाय पुढे करत होती. सुनेने भिंतीकडे तोंड फिरवले.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर. त्यानंतरचा मोठा जोड मागवला आहे. तो आल्याबरोबर सोडावा, एवढेच मागणे. भरलेला कर परत मागत नाही. या वेळी पार्सलवर सुनेचे नाव आहे. अर्जासोबत चिठ्ठी आणि पावती जोडली आहे. बूटही जोडणार होते, पण सून देत नाही.

बाई वाटेल ते बोलली, अशी तक्रार कारकून करेल. म्हणून काय बोलले ते मीच लिहून देते. ओरडले नाही. खिडकीत वाकून म्हणाले, "तू वाईट नाहीस रे. तू नुसता बसून राहिलास. पण तुला बसायचा पगार मिळतो, आणि माझ्या नातीला तू फुकट बसवलंस."

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
मुलीची आजी