शालूच्या हळदीची सनई आणि नवं कार्ट्रिज

शहागड, सोमवार

तीर्थस्वरूप दाजी,

तुमचा धाकटा मेहुणा भागवत याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. केशरआक्काचा गुडघा, तुमची शुगर आणि मोसंबीची बाग, तिन्ही आवाक्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. सुरेखाची पाठ धरली आहे, पण ती माझ्यामुळे धरली असं ती म्हणते, तेव्हा त्यावर औषध नाही. शालूच्या हळदीला बारा दिवस उरले म्हणून लिहायला बसलो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

साखरपुड्यात घनसावंगीच्या सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात की भागवतच्या डब्याला आता आराम द्या, हळदीला डीजे सांगितला आहे. तेव्हा मी जे बोललो ते आजही बोलतो. माझ्या भाचीला हळद लागेल ती सनईच्या तबकडीवर, माझ्या मशीनवर, नाहीतर मामा मंडपात नाही. हीच तबकडी आक्काच्या हळदीला वाजली, माझ्या हळदीला वाजली, आणि तुम्हाला आठवत नसेल तर सांगतो, तुम्ही नवरदेव होऊन आलात तेव्हा वेशीपासून तुमच्यासाठीही मीच वाजवली.

आता खरी गोष्ट सांगतो. (आक्काला वाचून दाखवताना एवढा भाग गाळा.) साखरपुड्याहून आलो, मशीन लावलं, तर सनईला सर्दी झालेली. सुई ज्या डबीत बसते ते कार्ट्रिज म्हातारं झालं होतं. तबकडीच्या खाचेतली थरथर तेच ओळखतं, बाकी कर्णा नुसता ओरडायचं काम करतो. चाळीस वर्षं या एका डबीवर मी चार तालुक्यांतली लग्नं लावली. तिच्या आत एक खडा असतो, तो दमटपणानं विरत जातो. गोदावरीच्या काठाला राहून तो इतकी वर्षं टिकला, हेच पुष्कळ झालं.

म्हणून जालन्याला शांतिलालशेठकडे गेलो. पूर्वी त्यांचं रेडिओचं दुकान होतं, आता कूलर विकतात आणि गल्ल्यावर सून बसते. शेठनी माझ्यासाठी माळ्यावरून एक पेटी उतरवली. सगळ्या जुन्या डब्या, एकेक लावून पाहिली, एकीत जीव नव्हता. शेठ म्हणाले, ‘‘भागवत, ती कंपनी गेली, ते कारागीर गेले. आता मॅग्नेटिक घे, याच्यापेक्षा वरचं. बिलकुल साफ वाजतं.’’ याच्यापेक्षा वरचं काही असतं हे मला पटलं नाही, पण बारा गावांत तोंड दाखवायचं होतं. आमच्या पोरानं, बबलूनं मोबाइलवरून चेन्नईहून मागवलं. खोका एवढा मोठा की सुरेखाला वाटलं मिक्सर आला. आतून निघालं एवढंसं, जर्दाळूच्या बीएवढं, आणि त्याची सुई पाहायला चष्म्यावर चष्मा लावावा लागला.

बसवलं, आणि इथं माझ्या हातानं गुन्हा केला. लग्नात मशीन टेबलावर, टेबल मंडपात, आणि मंडपात वऱ्हाड नाचणार. धक्क्यानं सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचं, ही आमच्या धंद्याची रीत. चाळीस वर्षं हात आपोआप ते करतो, त्यानं विचारलंही नाही. नाणं ठेवलं आणि ती केसाएवढी सुई बसक्या म्हशीसारखी पोटावर बसली. परत जालना. शेठनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, श्वास रोखून ती सरळ केली. त्यांची सून नेहल म्हणाली, ‘‘काका, याच्यापेक्षा मंग कूलरच घ्या, बरोबर चालते.’’ मी दुर्लक्ष केलं.

मग आवाजच निघेना. नवीन कार्ट्रिज फार हळू बोलतं, म्हणून त्याच्या नि ॲम्प्लिफायरच्या मध्ये आवाज वाढवणारी आणखी एक डबी लागते. तीही आणली. परवा सकाळी कर्णा गच्चीवर बांधला आणि तबकडी सोडली. दाजी, शेठ खोटं बोलले नव्हते, अगदी साफ वाजलं. चाळीस वर्षांत त्या तबकडीवर जेवढे ओरखडे पडले, जेवढी मंडपातली धूळ बसली, जेवढ्या अक्षता घासल्या, ते सगळं साफ ऐकू आलं. सनई त्याच्या मागे कुठेतरी होती. शेजारच्या चतुराबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, ‘‘भागवतभाऊ, सकाळी सकाळी भजे कोण तळून राह्यलं?’’ (हायवेवर एक ट्रकवाला खाली उतरून सगळ्या चाकांची हवा तपासून गेला, असं बबलू सांगतो. बबलू वाढवून सांगतो.)

जुन्या डबीनं इतकी वर्षं हे सगळं पोटात घातलं होतं आणि मला कधी कळू दिलं नव्हतं. मी नवीन उतरवलं, जुनं चढवलं, नाणं ठेवलं. सनई वाजली. सर्दी झालेली, पण सनई. मला काही कमी वाटलं नाही, ज्याला वाटेल त्यानं कानात बोटं घालावीत. तेव्हा निक्षून कळवतो की डीजेवाल्याला नाही म्हणून सांगा. मी आदल्या दिवशी सकाळी कर्णे घेऊन येतो. शालूला मामाचा आशीर्वाद, आक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
भागवत

ता. क. डीजेवाल्याला अजून नाही म्हणाला नसाल तर दोन दिवस थांबा.

ता. क. २. आज दुपारी जुन्या डबीचा आवाज गेला. हळूहळू गेला नाही, सनईच्या मध्यात गेला. शेठना फोनवर ऐकवलं, ते म्हणाले, खडा विरला. नवीनवर भजी तळून शालूला हळद लावायची नाही, तेव्हा डीजे राहू द्या.

ता. क. ३. मी मंडपात येईन, पण मला काहीतरी काम द्या. चाळीस वर्षांत एकाही लग्नात मी खुर्चीवर बसलेलो नाही. फेटा बांधून, हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं, मला ते जमणार नाही, आणि शालूच्या लग्नात तर मुळीच नाही. रडू आलं तर काय करायचं? मशीनमागे बसलेल्याकडे कोणी पाहत नसतं. वाढप्याचं नको, पाय दुखतात. डीजेवाल्याला सांगा की कार्यक्रम आटोपल्यावर त्याच्या वायरी गुंडाळायला मामा आहे. ते लोक कोपरावर गुंडाळतात, मी पाहिलंय. तसं करू नये, वायर आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही.