तोमोएची दृष्ट

१७ जानेवारी २०२२
आज ठरवलं. तोमोए कुरासावाला शेवटची मोठी रेस मीच जिंकून देणार. जपानची पोरगी, पायात सुऱ्या बांधून बर्फावर पळते. लॉकडाऊनमध्ये नातीने, इरावतीने, यूट्यूबवर दाखवली तेव्हापासून माझीच. गोठलेल्या भातखाचरात शिकली म्हणे. पळतेपण तशीच वाकून, भात लावायला उतरल्यासारखी. एकोणिसाव्या वर्षी रेकॉर्ड, मग गुडघा, आता चौतिशी. होईल सगळं.

१९ जानेवारी
चौथी आली. स्टेडियम रिकामं, खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं. बर्फाखाली एक काळी बाई तिच्या तळव्याला तळवा लावून उलटी पळते. वळणावर तीच ओढते. इरावती म्हणाली, आजी, इट्स जस्ट हर रिफ्लेक्शन. शाळेत हेच शिकवतात.

२४ जानेवारी
शिरीषने डँडेनॉन्गच्या देशी दुकानातून मिरच्या आणल्या. माझा मुलगा गुणाचा, कशाला म्हणून विचारत नाही. रेसआधी टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. खच्चून ठसका लागला, म्हणजे दृष्ट नाही. तोमोए दुसरी! आनंदाने शिरा केला.

२९ जानेवारी
अंग मोडून आलंय, एसीमुळे. इथे जानेवारीत उन्हाळा. मिरच्या जळून कोळसा झाल्या, वास नाही. जरासुद्धा नाही. अंगावर काटा आला. एवढी कडक दृष्ट जन्मात पाहिली नाही. तोमोए सहावी.

३० जानेवारी, दुपार
आज मूठभर टाकल्या. वास नाही. स्मोक अलार्म केकाटला. सूनबाई, सुहासिनी, खोकत आली, आई, घरात श्वास घेता येत नाहीये. म्हटलं, बघ, तुझ्यावर उलटली. शेजारचा गोरा कुंपणावरून डोळे पुसत म्हणाला, यू ओके, लव्ह? त्यालाही बाधली. नो वरीज म्हटलं, तुझीपण काढते.

२ फेब्रुवारी
उदबत्तीला वास नाही. हिंगालाही नाही. ती बर्फाखालची घरात आलीये. टीव्ही बंद केला की काळ्या काचेत एक बाई वाकून बसलेली दिसते. मी हलले की हलते. तिच्यापुढे लाडू ठेवला. उद्या शेवटची रेस. पाव किलो मिरच्या काढून ठेवल्यात.

३ फेब्रुवारी
सुहासिनीने मिरच्या उचलून नेल्या आणि माझ्या नाकात काडी घातली. दोन रेघा आल्या. सर्दी आहे म्हटलं तर म्हणाली, आई, तुम्हाला वास येत नाहीये, आम्हाला आठवडाभर येतोय. मला खोलीत बंद केलं. टीव्ही हॉलमध्ये.
इरावती दाराबाहेर बसून रेस सांगत होती. तोमोए शेवटून दुसरी. विचारलं, वळणावर कुणी ओढलं का? पोरगी चक्क मराठीत म्हणाली, नाही गं आजी. ती नुसती हळू झालीये.
मग तोमोएने रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला म्हणे. किती वेळ? खूप वेळ, म्हणाली.
मीपण पलंगावरून उतरून हात जोडले. समोर कपाट होतं.