इंजिन अजून वाजतंय

प्रिय पैलवान,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. जिना चढताना तो करकर वाजतो असं तू मागे लिहिलं होतंस. निदान तुला ते ऐकू येतं, यातच आनंद मान. वहिनींना नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचारशील तर बाहेरच्या खोलीतला पलंग अंगणात आहे, कारण त्याच्या जागेवर बरेच दिवस इंजिन होतं. आता इंजिन ट्रकमध्ये परत गेलंय, पण पलंग आत घेतलेला नाही, कारण इंजिन पुन्हा उतरवावं लागणार अशी चिन्हं आहेत. पाहुण्याला बसवायचं कुठे हा प्रश्न होता, तो पाहुण्यांनीच सोडवला, हल्ली कुणी येत नाही.

आता मूळ गोष्ट. आपला ट्रक (आपला म्हणतो, कारण त्याच्या सीटवर तुझीही निम्मी जवानी गेली आहे) गेल्या वर्षापासून इंजिन ऑइल प्यायला लागला. डिझेल पितो ते ठीक, ते त्याचं जेवण, पण ऑइल म्हणजे व्यसन झालं. मागे निळा धूर इतका की मागच्या गाडीवाल्याने आम्हाला अंदाजानेच ओव्हरटेक करावं. चढ आला की दम लागायचा. शेवटी गॅरेजमध्ये नेला. तिथला मिस्त्री नवा आहे. त्याने ऑइलचं झाकण काढून आत पाहिलं, हात पुसले आणि हिला सांगितलं, की काकू, यात आता काही राम नाही, भंगारात देऊन टाका. हिला सांगितलं. ट्रक माझा, लायसन माझं, मी दोघांच्या मधोमध उभा, आणि सांगितलं हिला. (ते वाक्यही मला हिनेच घरी आल्यावर सांगितलं.) कान गेल्यापासून सगळे असंच करतात. दुकानदार तसाच, डॉक्टर तसाच, आपला जावईसुद्धा तसाच. मी म्हणजे हिच्या हातातली पिशवी, ठेवली तिथे राहायचं. फार लागतं रे मनाला, पण सांगणार कुणाला?

कानांचं तुला ठाऊक आहेच. डावा पार गेला, उजव्याला तोंड लावून ओरडलं तर पोहोचतं. डॉक्टर म्हणतो इंजिनाच्या आवाजानेच गेले. मशीन आणलं होतं, पण त्यात सगळंच सारखं मोठं होतं. ही बोलते आहे की फरशीवरून बादली सरकते आहे, यातला फरक कळत नाही. हे मी हिला भोळेपणाने बोलून दाखवलं आणि पुढे बरेच दिवस उजव्या कानाकडेही कुणी फिरकलं नाही. मशीन आता कपाटात आहे. पण केबिनमध्ये मला कधी काही कमी पडलं नाही. तिथे बोलायचंय कुणाशी? स्टिअरिंगवर हात आणि पायाखाली पत्रा असला की सगळं कळतं. म्हणून ठरवलं की इंजिन घरीच खोलून नव्याने बांधायचं आणि पुन्हा लाइनवर जायचं. हिला सांगितलं, तर ही उठून आत गेली.

त्याला कारण ते क्रॉसिंग. तुला कुणी तिखटमीठ लावून सांगितलं असेल तर खरं इतकंच आहे. गाडी रिकामी होती, ही शेजारी बसली होती, क्रॉसिंगला फाटक नव्हतं. मी दोन्हीकडे पाहिलं (झाडी होती) आणि पार केलं. आरशात आगगाडीचे डबे धावताना दिसले तेव्हा मला समजलं. आगगाडीवाला शिट्टी बरीच लांबून देत होता म्हणे. ही माझा दंड धरून ओढत होती, मला वाटलं हिला पाणी हवंय. पुढे जाऊन थांबलो आणि बाटली दिली. तिने ती घेतली आणि घरी येईपर्यंत तशीच धरून बसली. त्यानंतर ती केबिनमध्ये चढलेली नाही आणि त्यावर आमचं बोलणंही झालेलं नाही.

असो. इंजिन उतरवायला वऱ्हांड्याच्या तुळईला चेनपुली बांधली. तुळई भयंकर कुरकुरत होती म्हणतात, मला काय त्याचं. शेजारपाजारचे गोळा झाले, वर बघून हातवारे करायला लागले, मला वाटलं कौतुक चाललंय, मीही हात उंचावून दाद घेतली. इंजिन खाली आलं, पाठोपाठ थोडी कौलं आली. मग ते पाइपांवरून ढकलत खोलीत नेलं आणि खोललं. वॉल्व्ह धुऊन चमच्यांशेजारी वाळत ठेवले, तर मुक्कामाला आलेल्या मेहुण्याने त्यातल्या एकाने चहा ढवळला आणि तुमचे चमचे फार जड आहेत म्हणाला. पिस्टन न्हाणीघरातल्या बादलीत डिझेलमध्ये भिजत होते. सकाळी त्याने डोळे मिटूनच पहिला तांब्या डोक्यावर घेतला. दुपारच्या बसने तो गेला. बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही असं त्याने हिला कळवलं आहे.

ही मात्र कधी कुरकुरली नाही. पदर खोचून बसायची, एकेक भाग घासून पुसून द्यायची, आता न सांगता बरोबर मापाचा पाना हातात ठेवते. आणि माझे कान तीच. इंजिन चालू असताना ओरडून उपयोग नाही, म्हणून तिने युक्ती काढली. इंजिनाचा आवाज जसा येईल तसा पळीने पातेल्यावर वाजवायचा, मी पळीकडे बघायचं. खोलण्याआधी लावलं तेव्हा पळी ठक-ठक पडत होती. मी रेस वाढवली तशी पळीही धावायला लागली. मी तिथल्या तिथे सांगितलं, बेअरिंग गेलंय. खोललं तर खरंच, बेअरिंगचं वरचं अस्तर झिजून तांबं दिसत होतं. मग बेअरिंग नवं, रिंगा नव्या, सगळं नवं घातलं, इंजिन बांधलं, ट्रकमध्ये बसवलं. बटण दाबताच लागलं. धुराचा मागमूस नाही. मी ऐटीत हिच्याकडे पाहिलं, तर पळी ठक, ठक, ठक. पुन्हा खाली शिरलो, खालचं ऑइलचं चेंबर उघडलं, सगळं तपासलं, काही सापडलं नाही, परत आवळलं. परवा पुन्हा लावलं. पुन्हा तेच, ठक, ठक.

तेव्हा इंजिन अजून वाजतंय. पण मी खचलेलो नाही, पुन्हा उतरवतो. तुझ्याकडचा तो लांब दांड्याचा पाना बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दे. ही तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आहे. (शेजारी बसून वाचते आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जे चांगलं लिहिलंय त्याला तेवढी सूट दे.)

तुझा,
जुना जोडीदार

ता. क. हे पोस्टाच्या फळीवर उभ्याने लिहितो आहे. हिने पत्र वाचलं, पाकीट माझ्याकडे दिलं आणि ती घरी राहिली. आता खरं सांगतो. पाना पाठवू नकोस. इंजिन वाजत नाही.

परवा मी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातांत धरली होती. (मिस्त्री लोक कानाला लावतात, माझे दात अजून शाबूत आहेत.) ठोका असता तर जबड्यात बसला असता. काही नाही, एकसारखी गुणगुण, आपण ट्रक नवा घेतला होता तेव्हासारखी. मी रेस वाढवली, दात झणझणले, आणि पळी आपली होती त्याच संथ चालीने पडत होती. रेस कमी केली, तरी तीच चाल. बेअरिंगचा ठोका असा एकाच चालीवर राहत नाही, हे तुला सांगायला नको. हिचं लक्ष इंजिनाकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं. उभ्या जन्मात हिला खोटं बोलता आलं नाही, ते पळीनेही येत नाही.

मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, वाजतंय खरं. ती जवळ आली आणि उजव्या कानात म्हणाली, "राहू दे ना आता. किती दमता." आणि पातेलं घेऊन आत गेली. मी तिथेच बोनेटला टेकून रडलो, पैलवान. राग नाही आला. त्या क्रॉसिंगवर ती जीव तोडून ओरडली असणार आणि मी तिला पाण्याची बाटली दिली. आता ती पुन्हा शेजारी बसणार नाही, घरी बसून रस्त्याकडे बघत राहील. ते मला जमायचं नाही. मी गाडी सोडली.

पण मला कळलंय हे तिला कळता कामा नये, लाजेने अर्धी होईल. आणि मी आपणहून सोडली असं झालं तर आपल्यामुळे सोडली म्हणून झुरत बसेल. दगा इंजिनानेच द्यायला हवा. तेवढ्यासाठी तू ये. तुझ्या कानांवर तिचा विश्वास आहे. तिच्यासमोर इंजिन लाव, ऐक, तोंड पाड आणि मान हलव. नंतर भंगारवाला म्हणून कुणाला तरी घेऊन ये, पण भंगारात घालू नकोस. दोन्ही कान शाबूत असलेला एखादा तरुण ड्रायव्हर बघ.

ता. क. आणखी एक. मान हलवायची घाई करू नकोस. इंजिन नीट गरम होऊ दे, रेस चढवून बघ, उतरवून बघ, पोटभर ऐक. घरी गेल्यावर ते कसं वाजत होतं ते सगळं मला लिही, काही गाळू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठवू नको, ही आधी वाचते. पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांग. मी इथेच येऊन वाचीन.