विंडोजवाला सोमवारी येणार होता

प्रिय भावोजी,

पत्र लिहायची मला सवय नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सह्या केल्या आणि बरण्यांवर नावं घातली, एवढंच माझं लिहिणं. तरी आज बसलेय. तुमच्या दहाव्याला सगळ्यांदेखत दिलेला शब्द मी मोडायला निघाले होते. ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकायला मी बाजारातला माणूस बोलावला होता.

बसा. उठू नका. सगळं सांगते.

दहाव्याचं आठवतंय का तुम्हाला? तुम्ही तिथेच कुठेतरी माडावर बसला असणार. समुद्राकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुमचे दादा बोट सोडून विमानाने आले होते, ते म्हणाले, "सुधा, घराची काळजी करू नको." कावळा ढिम्म. आत्या म्हणाल्या, "लग्न राहिलं रे तुझं." त्यावर तर कावळ्याने तोंडच फिरवलं. भटजी घड्याळ बघायला लागले. म्हणाले, "मित्रांपैकी कोणाला काही बोलायचं असेल तर बोला."

मग तुमचा मयेकर पुढे आला. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारा माणूस, एवढा आडदांड, पण हात जोडून लहान पोरासारखा उभा राहिला. म्हणाला, "सुधाभाऊ, आम्ही सगळे डेबियनवरच राहू. काळजी नको."

मागून सलीमभाई म्हणाला, "आम्ही सगळे म्हणजे कोण? सुधाभाऊ आर्चवर होते. तू असं काहीतरी बोलतोस म्हणून तो कावळा तिकडे बसलाय."

झालं! पिंडासमोर सुरू! मिरकरवाड्यात ट्रॉलरचे जीपीएस दुरुस्त करणारा हा शहाणा माणूस, आणि तो क्रेनवाला, दोघं तुमच्या पिंडाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायला लागले, की तुम्ही मेलात तेव्हा विंडोजऐवजी चालणाऱ्या त्या फुकटच्या लिनक्सच्या कुठल्या जातीवर होतात, डेबियन की आर्च. भटजींनी मला हळूच विचारलं, "हे डेबियन म्हणजे घरातलेच का? त्यांना पुढे बोलवा."

माझ्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. वाळू तापलेली. मी पदर खोचला आणि ओरडले, "भावोजी, येताय की नाही? नाहीतर उद्याच्या उद्या तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकते!"

आणि तुम्ही आलात! सरळ पिंडावर! तुमचे दादा रडता रडता हसायला लागले ते थांबेनात. दहाव्याला असं हसलेलं कोणी बघितलं असेल का?

पण मला तेव्हाच कळलं, आपण अडकलो. तुम्ही आलात म्हणजे मी विंडोज टाकायचं नाही. तो शब्दच झाला.

वर्षभर पाळला मी तो. आता ऐका तो मोडायची वेळ का आली.

आमच्या बायकांच्या बचत गटाची लेबलं तुम्हीच करून दिली होतीत. आंबापोळी, कोकम, आगळ, सगळ्यावर छान हिरवं-पिवळं लेबल. पडवीतल्या तुमच्या कॉम्प्युटरवर मी नाव निवडायचं, बटण दाबायचं आणि छापखाना सुरू. तुम्ही अक्षरं केवढी मोठी करून ठेवली होतीत माझ्यासाठी! गटातली नसीम म्हणायची, "वैनीचा कॉम्प्युटर मिऱ्याच्या डोंगरावरून वाचता येईल."

मग गणपतीनंतर एकदा सलीमभाई आला. कॉम्प्युटर चालूच होता. म्हणाला, "भाभी, किती दिवस अपडेट नाही केलं? दाबू का?" मी म्हटलं दाब. मला काय कळतंय? त्याने दाबलं आणि प्रिंटर मुका झाला. त्याने पुष्कळ खटपट केली, तो चहा पीत होता तेवढ्यात मी बंद करून चालूही करून बघितला, पण नाहीच.

मयेकरला कळलं, तो जयगडहून गाडी मारत आला. पडद्याकडे बघितलं आणि एकदम लाल झाला. "हे आर्च आहे! सुधाभाऊंचं डेबियन कुठे गेलं? मेलेल्या माणसाचं मशीन पुसलंस तू?"

सलीमभाई म्हणाला, "अल्लाची कसम, हे पहिल्यापासून आर्च आहे. मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय."

"मी पण शेजारी बसून बघितलंय! डेबियन होतं!"

"म्हणजे मी खोटारडा?"

"मग काय मी?"

भावोजी, तुमच्या पडवीत मी भांडणं काय कमी ऐकली? पण ती वेगळी. त्यात चहा मागितला जायचा. ह्या वेळी कोणी चहा मागितला नाही. दोघं दोन दारांनी गेले, आणि त्यानंतर तुमच्या रविवारच्या बैठकीला दोघांपैकी कोणी आलंच नाही. बाकीचे दोघं-तिघंही मग येईनासे झाले. भांडायलाच कोणी नाही तर यायचं कशाला?

तुमचा फोन माझ्याकडे आहे. तुमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपचे ॲडमिन तुम्ही, म्हणजे आता मी. आधी नुसता टुणटुण वाजायचा तो. आठवतंय, त्या निवृत्त गुरुजींनी विचारलं होतं, "अक्षर मोठं कसं करायचं?" एकाने विचारलं तुमचं लिनक्स कुठलं, दुसऱ्याने ते काढून टाका म्हणून सांगितलं, तिसरा म्हणाला काळ्या पडद्यावर लिहायला शिका, नुसतं माऊस हलवून काय उपयोग. रात्रीपर्यंत भांडण, आणि गुरुजी बिचारे भिंग घेऊन ते सगळं वाचत बसले! तुम्ही गपचूप सायकल काढलीत आणि त्यांच्या घरी जाऊन अक्षर मोठं करून आलात. ग्रुपवर मात्र एक शब्द नाही.

तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "अहो, फुकट मिळतं ना हे? मग भांडता कशाला?"

तुम्ही म्हणालात, "वैनी, शिमग्यात पालखीवरून का भांडतात? ती कोणा एकाच्या मालकीची नाही म्हणूनच ना? विकत घेतलेल्या वस्तूवरून कोण भांडतंय? ती नाही आवडली तर माणूस गप्प बसतो."

मला ते पटलं होतं. आमच्या वाडीत पालखी आधी कुठल्या घरी न्यायची ह्यावरून डोकी फुटायची वेळ येते, आणि पालखी उठली की तीच डोकी खांद्याला खांदा लावून नाचवतात. पण इथे पालखीच उठेना त्याचं काय? ग्रुप गप्प. टुणटुणीचा मला वैताग यायचा, आता ती येत नाही म्हणून फोन चार्ज आहे का ते बघते. दुर्बुद्धी, दुसरं काय!

ह्या वर्षी आंबापोळीवर आम्ही हाताने नावं लिहिली. मुंबईच्या दुकानदाराने कळवलं, असं चालणार नाही, पुढचा माल छापील लेबल लावूनच पाठवा. बायका माझ्या दारात. नसीम सलीमभाईची बायको, पण तीच सगळ्यात पुढे. "वैनी, तुमचे भावोजी देवमाणूस होते. पण आम्ही पोळ्या विकायच्या की त्यांचं लिनक्स सांभाळायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग की दुरुस्त करायला."

"तो म्हणतो, मयेकर माफी मागेल तेव्हा हात लावीन. आणि मयेकर म्हणतो, हा कबूल होईल तेव्हा. दोघं पण मरू दे, तुम्ही विंडोज टाका."

काय करणार मी? बाजारातल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सोमवारी येतो, जुनं सगळं साफ करून देतो." "साफ म्हणजे सगळंच?" मी दोनदा विचारलं. पण मी हो म्हटलं. पंधरा बायकांच्या घामापुढे एक कावळा किती दिवस धरून बसू?

रविवारी सकाळी मात्र राहवलं नाही. तुमचा फोन घेतला, माइकचं बटण दाबलं आणि ग्रुपवर बोलून टाकलं, "उद्या सकाळी विंडोजवाला येतोय. सुधाभाऊंचं सगळं पुसणार आहे. कोणाला शेवटचं बघायचं असेल तर बघून जा. चहा मिळणार नाही."

आता मला काय ठाऊक, तिकडे तुमचं नाव आणि तुमचा फोटो उमटतो ते! सलीमभाई म्हणे ट्रॉलरवर उकिडवा बसला होता, "सुधाभाऊंचा मेसेज" बघून जीपीएसचा डबा त्याच्या हातातून निसटून बर्फात पडला. मयेकर तर आंघोळ अर्धी टाकून निघाला असावा, कानाला साबण तसाच होता.

दोघं फाटकातच भेटले. एकमेकांकडे बघितलं नाही, पण आधी आत कोण जाणार म्हणून दोघंही अडून राहिले. मी म्हटलं, "फाटक मोडू नका. या."

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी तुमच्यावर खरंच रागावलेय.

कॉम्प्युटर बंद होता. मी नेहमीसारखं बटण दाबलं. आधी तो काळा पडदा येतो, त्यावर दोन ओळी येतात. तुम्ही मला सांगून ठेवलं होतंत, "वैनी, ते बघायचं नाही, एंटर मारायचा आणि चहा टाकायला जायचं." म्हणून मी एंटर मारायला हात उचलला.

दोघं एकदम ओरडले, "थांबा!"

मी दचकले. म्हटलं शॉक बसतोय की काय.

मयेकर पडद्याच्या इतक्या जवळ गेला की त्याच्या श्वासाने काच धूसर झाली. "ही बघ. दुसरी ओळ. डेबियन."

सलीमभाई म्हणाला, "आणि पहिली आर्च."

मयेकरने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग मयेकर मटकन खुर्चीत बसला. तुमच्याच खुर्चीत. "म्हणजे मी आलो की दुसरी ओळ आणि हा आला की पहिली?"

"आणि रविवारी दोघं असलो की?" सलीमभाईने विचारलं.

ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "रविवारी बंद असायचा. लाइट कमी-जास्त होतेय म्हणायचे."

इतकी वर्षं, भावोजी! आमची लाइट काही कमी-जास्त होत नव्हती! मी दोनदा वायरमनला बोलावून भांडले त्याच्याशी!

"मला म्हणाले होते, तुझंच बरोबर आहे मयेकरा, पण सलीमला बोलू नको, त्याला वाईट वाटेल," मयेकर म्हणाला.

सलीमभाई म्हणाला, "मला पण हेच. फक्त, मयेकरला वाईट वाटेल म्हणाले."

आणि मग दोघं मिळून तुम्हाला जे काही बोलले ना! लबाड काय, दुतोंड्या काय, राजकारणात जायला हवा होता काय. कितीतरी महिन्यांनी दोघांचं एकमत झालं, तेही तुम्हाला शिव्या देण्यावर. मी दारात उभी राहून ऐकत होते. खरं सांगू? मला बरं वाटत होतं.

पण मी काय म्हणते, एवढं खोटं कशाला? एकाला सांगितलं असतंत की मला तुझं नाही पटत, तर काय तो यायचा थांबला असता? थांबला असता का? तुम्हाला तसं वाटत असणार. लग्न नाही, पोर नाही, दादा बोटीवर. रविवारची ती चार-पाच माणसं तेवढी तुमची. छातीत दुखतंय हेही तुम्ही कोणाला बोलला नाहीत. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर, "अपडेट संपू दे, वैनी." सगळ्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांपासून लपवायचं, हीच तुमची रीत. मला नाही आवडली ती. जिवंतपणी बोलले नाही, आता बोलते.

पुढचं थोडक्यात. मयेकरने दुसरी ओळ लावली. प्रिंटर खर्रर्र करून जागा झाला! हंगामभर आम्ही हाताने लिहीत होतो, आणि खाली एक ओळ सोडून छापखाना चालू होता. मयेकर अशी मान वर करून बसला, जणू त्यानेच शोध लावला. सलीमभाईने कागद उचलला. "छापलंय खरं. पण आंबा अर्धा कापलाय आणि पोळी कडेला गेलीय. हेच का तुझं चालतंय ते?"

"ते कागदामुळे!"

"कागदाला नाव ठेवतो, बघा भाभी!"

आणि लागले परत. दुपारपर्यंत. मध्ये मयेकर म्हणाला, "वैनी, चहा तरी..." मी म्हटलं, "आंबा सरळ येऊ दे, मग चहा." आंबा सरळ आला तेव्हा बांगडे तळून झाले होते. दोघं जेवूनच गेले. माफी कोणी मागितली नाही. मयेकरने जाताना सलीमभाईला विचारलं, "मुकाट गाडीवर बसतोस का, सोडतो." तेवढंच.

सोमवारी विंडोजवाला आला तो आल्यापावली परत पाठवला. यायच्या खेपेबद्दल दोन पुडे आंबापोळी दिली, छापील लेबलाची.

वर्षश्राद्ध आलं जवळ. म्हणून आता शब्द देते, तो नीट ऐका, कारण ह्या वेळी मी तो उपाशीपोटी देत नाहीये. तुमच्या दोन्ही ओळी राहतील. एकही पुसू देणार नाही, मग कोणी कितीही शहाणपणा सांगू दे. रविवारी कॉम्प्युटर मी चालू ठेवणार, सगळ्यांसमोर. लाइटचं नाव सांगणार नाही. काय भांडायचं ते तोंडावर भांडा, चहा मिळेल. पण ज्या रविवारी एक येईल आणि दुसरा रुसून घरी बसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या फोनवरून परत बोलणार. विंडोजवाल्याचा नंबर त्यातच ठेवलाय.

श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी पान वाढून वाडी ठेवीन, बांगडे नसतील पण वडे असतील. वेळेवर या. मला परत ओरडायला लावू नका.

तुमची,
वहिनी