बोअरचं पाणी आणि अण्णासाहेबांचं पोट

मोसंबीची बाग, तीर्थपुरी
सोमवार, न्याहारीनंतर

थोरले मेव्हणे राधेश्यामराव यांना मच्छिंद्रचा बांधावर बसून, पण मनातून वाकून रामराम.

तुमचं दुकान बरं चालत असंल, तब्येत ठीक असंल आणि साखर (रक्तातली, डब्यातली नव्हे) ताब्यात असंल असं धरून लिहून राह्यलो. वहिनींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? मागच्या वेळी तुम्ही मिशीला जो रंग लावून आल्ते तो गालावरून निघाला का, हे तुमच्या बहिणीनं विचारायला सांगितलेलं न्हाई, पण तिच्या मनात आहे ते मला दिसतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात फोन लागला की तो स्पीकरवरच लागतो आणि तुमची बहीण भाकरी थापता थापता मधूनच बोलती. ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून मोसंबीच्या क्रेटमध्ये खालच्या थराखाली हे पत्र ठेवायचं ठरवलंय. क्रेट भरायचं काम आकांक्षाकडं आहे. पत्र वाचू नको म्हणून तिला बजावलंय, आणि पोरगी माझ्या शब्दाबाहेर न्हाई.

तर मुद्द्यावर येतो. मागच्या उन्हाळ्यात बागेत बोअर पाडला ते तुम्हाला माहीत आहे, कारण जागा दाखवणारा पाणाड्या तुम्हीच धाडला होता. (तो माणूस तळहातावर नारळ धरून भर उन्हात बागभर फिरला आणि नेमका जिथं दाट सावली होती तिथं त्याचा नारळ उभा राह्यला. असो.) पाणी लागलं, मनगटाएवढी धार लागली, मी गुलाल उधळला, पेढे वाटले आणि मंग वास आला. कसला म्हणून सांगू, माळकरी माणसाच्या तोंडून तो शब्द निघत न्हाई. कोंबडी देती ते, आणि तेही उन्हात विसरलेलं. पाणी दिसायला निवळशंख, पण तांब्या तोंडाशी नेला की नाक आपोआप मागं सरतं. आकांक्षा म्हणाली (बी.एस्सी. झाल्यापासून ती कशालाच भीत न्हाई) की ह्याच्यात गंधक आहे, खालच्या दगडातून येतं. तुमच्या बहिणीनं त्याच पाण्यानं देव धुतले तर खंडोबाचा चांदीचा टाक काळाभोर पडला. तिच्या पायातली जोडवी काळी पडली. तेव्हापासून ती माझ्याकडं अशी पाहती, जसं काही गंधक मीच पेरून ठेवलं होतं.

बाजारात कोणी तरी सांगितलं की असलं पाणी खरजेला, सांध्याला आणि पोटाला रामबाण. मला तिन्हीपैकी काही न्हाई, पण फुकटचं औषध दिसलं की मला सोडवत न्हाई (हा गुण मी तुमच्या घरी जावई म्हणून राहून शिकलो). अनशापोटी तांब्यावर तांब्या घेतला. पुढं दुपारपर्यंत मी बागेतल्या प्रत्येक झाडामागं जाऊन त्याची विचारपूस करून आलो. औंदा त्या झाडांना बहार चांगला आहे, हे जाता जाता.

आता आकांक्षाच्या सोयरिकीचं. जांब समर्थच्या वाटेला अण्णासाहेबांची वस्ती आहे, आपल्यापासून मोटारसायकलवर चहा निवायच्या आत पोचता येतं. त्यांचा आदिनाथ जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. पोरगं सरळ, नोकरी बराबर, आणि आकांक्षाला फोटो पाहूनच पसंत. (ती कबूल करत न्हाई, पण मोबाइलमधून फोटो काढून बी टाकत न्हाई.) घोडं अडलं ते बापापाशी. घरची मालकीण वारल्यापासून अण्णासाहेबांचं पोट साफ झालेलं न्हाई हे अख्खा तालुका जाणतो, आणि पोट साफ न्हाई म्हणून तोंडावर हसू न्हाई. गावोगाव पोहे खाऊन ते 'कळवतो' म्हणून उठलेले. आपल्याकडं 'कळवतो' म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या लग्नाआधी तुम्ही ते किती अंगणांतून ऐकून आल्ते.

पाव्हण्याला आधी पाणी, ही आपली रीत. पाणी घेतल्याबिगर बोलणं सुरू होत न्हाई, आणि हातात दिलेला तांब्या पाव्हण्यानं तसाच खाली ठेवला तर सोयरीक तिथंच मोडली म्हणून समजायचं. अण्णासाहेब पोरगी बघायला येणार म्हणून तुमच्या बहिणीनं त्या दिवसापुरता गार पाण्याचा जार आणून ओसरीवर ठेवला होता. पाव्हणे फाटकात आणि आपल्या गोऱ्ह्यानं जारला ढुशी दिली. सगळं पाणी अंगणात. घरात उरलं ते बोअरचं. तुमची बहीण आत साडीच्या निऱ्या नीट करून राह्यलती, म्हणून मी एकट्यानं डोकं चालवलं. वास मारायचा तर वासानंच. तांब्यात वाळा टाकला, वेलदोडा टाकला, वरून तुळशीचं पान सोडलं. त्यानं मूळचा वास गेला न्हाई, उलट देवळात कोणी तरी ते कोंबडीचं फोडल्यासारखं झालं.

अण्णासाहेब स्वतः माळकरी. त्यांनी तांब्या तोंडाशी नेला आणि थांबले. एकदा माझ्या गळ्यातल्या माळेकडं पाह्यलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाह्यलं. आत काय उकडायला ठेवलंय असा सवाल त्यांच्या कपाळावर लिहिलेला मला स्पष्ट वाचता आला. पण खानदानी माणूस, दिलेलं पाणी खाली कसं ठेवणार. डोळे मिटून तांब्या रिकामा केला. मी घाबरून दुसरा भरून दिला. त्यांनी तोही घेतला, 'कळवतो' म्हणाले आणि उठले. पोह्यांना हात लावला न्हाई. पुढं त्यांची जीप जिथं घर न्हाई, दुकान न्हाई, नुसती तुरीची रानं आहेत अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा थांबली, असं मला नंतर समजलं.

त्या संध्याकाळी तुमची बहीण बोलली न्हाई, ते एक परवडलं. (कधी कधी तेवढंच सुख.) पण आकांक्षा आतल्या खोलीत गेली. नेसलेलं नवं लुगडं तिनं सोडून घडी घातली, ती मोडून पुन्हा घडी घातली, आणि पाठमोरी तशीच बसून राह्यली. राधेश्यामराव, मला ते बघवलं न्हाई. ह्या पोरीनं आजवर माझ्याजवळ काही मागितलेलं न्हाई. एक गोष्ट तिच्या मनात बसली होती, आणि ती मी माझ्या हातानं तांब्या भरून घालवली. मी न जेवता बागेत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात मोटारसायकल. पुढं आदिनाथ, मागं अण्णासाहेब, आणि अण्णासाहेबांच्या मांडीवर रिकामा कॅन. मला वाटलं भांडायला आले. पण माणसाचा चेहरा असा हलका झालेला की मी आधी ओळखलंच न्हाई. एवढंच म्हणाले, कालचं ते पाणी आहे का. मंग काय, मी उभ्या जागी वैद्य झालो. सांगितलं की हे पाणी घरी न्यायचं न्हाई, वाटेत गुण उडतो. इथंच बोअरवर उभ्यानं घ्यायचं, आकांक्षानं भरून दिलेल्या पेल्यातून घ्यायचं, आणि वरून बागेच्या बांधानं फेऱ्या मारायच्या. तंबाखू बंद, भजी बंद. हे पथ्य मी कुठून आणलं ते मला बी ठाऊक न्हाई, तोंड उघडलं आणि येत गेलं. मतलब एवढाच की माणूस रोज दारात यावा आणि पोरगी त्याच्या नजरेत राहावी.

आणि ते रोज येऊन राह्यले. मी फेऱ्यांना सोबत असतो. मुकाट चालवत न्हाई म्हणून मी बोलत असतो. मोसंबीची गळ, मोटारीचा जळका वास, बांधावरून चुलत्याशी चाललेला दावा, माझ्या लग्नात तुम्ही फेट्यासकट हौदात पडल्ते ते, सगळं सांगून झालं. हौदाचं तर त्यांनी दुसऱ्यांदा सांगायला लावलं. बाकी ते हूं म्हणत न्हाईत की चूं म्हणत न्हाईत, पण उठून बी जात न्हाईत. महिनाभरात पोट लायनीवर आलं, भूक लागायला लागली, आणि एक दिवस बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं की पोरगी आमची. येत्या रविवारी साखरपुडा. अण्णासाहेबांनी सगळ्या सोयऱ्यांना कबूल केलंय की कुंकवाच्या आधी ज्याला त्याला ह्या बोअरचं पाणी मिळंल.

इथपर्यंत सगळं बराबर होतं. गेल्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं, ते खाली झिरपलं आणि बोअरचा वास गेला. पाणी गोड झालंय. डाळ झटक्यात शिजती. तुमच्या बहिणीनं टाक चिंचेनं घासून लख्ख केला आणि आनंदानं आळीभर सांगून राह्यली. मी एकटा बोअरच्या पाइपाला नाक लावून बसलेलो असतो. काही म्हणजे काही येत न्हाई. अण्णासाहेब निमंत्रणं देत फिरून राह्यलेत, म्हणून चार रोज इकडं आले न्हाईत, तेवढीच खैर. रविवारी भरल्या मांडवात ते पेला तोंडाला लावतील आणि म्हणतील, मच्छिंद्रराव, हे ते पाणी न्हाई. माणूस ह्या पाण्यामुळं हो म्हणाला. पाण्यामुळंच पुन्हा 'कळवतो' म्हणाला तर मी पोरीला तोंड कसं दाखवू? मला घास गोड लागत न्हाई.

बाकी इकडं सर्व खुशाल, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला माझ्याकडून एक पेंढी.

तुमचा, तुमच्या बहिणीच्या धाकात असलेला,
मच्छिंद्र

ता. क. तुमच्या दुकानात मोसंबीवर फवारायची गंधकाची भुकटी असती, तिची एक लहान पुडी रविवारी येताना खिशात घालून आणा. चिमूटभर टाकीत सोडीन. बहिणीला बिलकुल सांगू नका.

ता. क. दुसरा. पुडी जमत नसंल तर ते कोंबडीचं एक आणा. नासकं मिळालं तर उत्तम. फडक्यात बांधून टाकीत लोंबकळत ठेवतो. तीर्थपुरीच्या बाजारात मी ते घेतलं तर माळेची अब्रू जाईल. तिकडं तुमच्या बदनापुरात तुम्हाला अडचण न्हाई. स्टेशनजवळच्या गाड्यावर तुम्ही कशासाठी उभे असता ते मला माहीत आहे, आणि मी ते अजून तुमच्या बहिणीला सांगितलेलं न्हाई.

ता. क. तिसरा, वेगळ्या पेनानं. मामा, मी आकांक्षा. बाबांनी वाचू नको म्हणून बजावलं, त्यामुळं वाचावंच लागलं. पुडी बिलकुल आणू नका. ते फवारणीचं औषध आहे. पाण्यातून सोयऱ्यांना पाजलं तर साखरपुडा दवाखान्यात करावा लागंल. ते कोंबडीचंही नको. गाड्यावरचं आईला कधीचंच माहीत आहे.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यानंतर अण्णासाहेबांना मी बोअरचं पाणी दिलेलंच न्हाई. त्यातल्या क्षारांनी एखाद्या वेळी पोट मोकळं होतं ते ठीक, पण रोज जुलाब होऊन त्या वयाच्या माणसाच्या अंगात काय राह्यलं असतं? मी शेजारच्या आडाचं पाणी पेल्यात भरून देत गेले. त्यांनी पहिल्याच घोटाला ओळखलं. बाबा मोटार बंद करायला गेल्ते, तेवढ्यात मला म्हणाले, 'पोरी, बापाला सांगू नको. मालकीण गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला कोणी न्हाई. पोरगं दिवसभर जालन्याला. तुझा बाप बोलतो, मी चालतो, घरी गेलो की भूक लागती. पाण्याचं निमित्त गेलं तर रोज सोयऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं येऊ?'

म्हणून मामा, रविवारी तुम्ही एकच करा. अण्णासाहेब पेला तोंडाला लावून नाक मुरडतील, त्यांनी मला तसं कबूल केलंय. त्यांनी मुरडलं की तुम्हीही मुरडा, आणि शेजारच्याला कोपरानं ढोसा. बाबांनी वास घेऊन पाह्यला तर सर्दी झाली असंल म्हणून सांगा. हे निमित्त मला लग्नानंतरही चालू ठेवायचं आहे. मी तिकडं गेल्यावर बाबांचं ऐकायला इथं कोणी तरी रोज यायला पाहिजे.